न बघता दिलेलं उत्तर

मला सही करायला शिकवलं ते विक्रोळीच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी. माझी शाळा पहिलीतच सुटलेली, शिकवणारं माणूस दूर गावाकडे. त्यांनीच हात धरून गिरवून घेतलं.

काकांची गिरणी बंद पडली, पाठोपाठ काका वारले, तशा काकू गप्प झाल्या. विसरायलाही लागल्या. डॉक्टर म्हणाले, वाढलेलं बीपी आणि खचलेलं मन, दोन्ही मिळून आठवण पोखरतात.

एकदा मी नळावर जायच्या घाईत असताना त्यांनी विचारलं, "सकाळची बीपीची गोळी घेतली काय गो मी?"

"घेतलीत," मी न बघताच म्हटलं.

दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. "ह्यांचा डबा भरलास?"

मी त्यांच्या खोलीत जाऊन बघितलं, फळीवर सकाळची गोळी तशीच होती.

ते 'घेतलीत' अजून माझ्या कानात वाजतं. आता रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवते, गिळेपर्यंत हलत नाही. काकू, तुमच्या शिकवण्याचं ऋण मी एक दिवस नक्की फेडीन.