रस्सामावशींचं तिखट

रस्सामावशी माणसाची परीक्षा एका वाटीत उरकायच्या. समोरचा कुठला, काय शिकलेला, हे नंतर. आधी त्याच्यापुढे काळ्या मसाल्याचा रस्सा यायचा आणि पहिल्या घासाला तो काय करतो यावर त्याची किंमत ठरायची. माहेर खानदेशातलं, सासर इंदूरच्या मिल एरियातल्या चाळीतलं. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्हाला ते कधी लागलं नाही.

आमचं बिऱ्हाड त्यांच्या भिंतीला लागून. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडायचा. आईने एकदा मोठ्या हौसेने ती वाटीभर पाठवली. मावशींनी चाखली आणि काळजीने विचारलं, "हिला बरं नाहीये का हो? किती अशक्त लागते!" आई रुसली. पण मावशींकडून शेवभाजी आली, की हीच आई पदराने नाक पुसत भांडं लख्ख करून परत करायची.

मावशींच्या सुमनला पाहायला देवासचा एक मुलगा आला. रस्सा खाताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी म्हणत होता, "छे, काहीच तिखट नाही." तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "आजच एवढं खोटं बोलतो, लग्नानंतर काय करेल?" पुढच्या महिन्यात महूहून दुसरा आला. पहिल्या घासालाच तो पाटावरून उठला, अंगणातल्या नळाखाली तोंड धरलं आणि ओरडला, "मर गया रे! मावशी, साखर द्या!"

"हाच जावई," मावशी म्हणाल्या आणि साखरेचा डबाच घेऊन धावल्या.

त्यांचे यजमान अण्णा मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. "मीठ दे" म्हणाले, तर समोरच्या ओळीतल्या बायका मीठ शोधायला उठायच्या. मग मिल बंद झाली. सकाळी डबा घेऊन गेलेले अण्णा तसाच भरलेला डबा घेऊन परत आले, खाटेवर बसले आणि बोलायचे थांबले.

लोक येऊन समजावून गेले. अण्णा नुसतं भिंतीकडे बघायचे. मावशींनी आपला एकच इलाज सुरू केला: रोज तिखट वाढवत नेलं. अण्णा घाम पुसत निमूट जेवायचे आणि हात धुवायचे. आमच्या घरापर्यंत ठसका यायचा, आवाज काही यायचा नाही.

एक दिवस मावशी आमच्या दारात उभ्या. नेहमीचा तोरा नव्हता. आईला म्हणाल्या, "तुमची ती आमटी शिकवा हो मला. गूळवाली."

आईने तिथल्या तिथे शिकवली. दुपारी मावशींनी ती अण्णांच्या ताटात वाढली. आम्ही भिंतीला कान लावून बसलो होतो, पण त्याची गरजच नव्हती.

"हे काय आहे?" अण्णा गरजले. "मिल बंद झाली, मी जिवंत आहे अजून! बीमार समजलीस का मला?"

मावशी हसत होत्या की रडत होत्या, कळेना. मग त्यांचा आवाज आला, "जिवंत आहात तर उठा. मसाला कुटायचाय. माझे हात दुखतात."

त्या कुटलेल्या मसाल्यावर खानावळ उभी राहिली. शहरातल्या पलासिया भागात क्लासला येणारी, खोल्या घेऊन राहणारी पोरं जेवायला येऊ लागली. देपालपूरच्या एकाने पहिल्याच दिवशी हात जोडले, "मौसीजी, थोडा कम तीखा मिलेगा?" मावशींना ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी चुलीवर दुसरं पातेलं चढलं. त्याला त्या 'पेशंटवालं' म्हणायच्या. अण्णा दारातूनच इंदुरी थाटात ओरडून विचारायचे, "भिया, पेशंट की तंदुरुस्त?" बरीच पोरं लाजेपोटी तंदुरुस्त म्हणायची आणि रडत जेवायची.

लग्न होऊन मी पुण्याला गेले. शेवटची भेट झाली तेव्हा डॉक्टरांनी मावशींचं तिखट पूर्ण बंद केलं होतं. त्या दहीभात खात होत्या, अगदी बारीक झाल्या होत्या. पण अण्णांनी माझ्यासाठी रस्सा केला होता. मी जेवायला बसले, तशी मावशींनी दहीभात बाजूला सारला, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि टक लावून बघू लागल्या. मला ठसका लागला, नाक वाहू लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जेवल्याचं समाधान पसरत गेलं.

मी ताटावरून उठायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"अहो," त्या अण्णांना म्हणाल्या, "हिचे कान लाल नाही झाले अजून. मला आणखी एक वाटी वाढा, हिच्या ताटात."