वन्संनी मका हद्दपार केला

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मदतनीस होत्या. निवृत्त झाल्या आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांनी ओव्हन मांडला. प्रयोगशाळा काही सुटली नाही. मैदा, सोडा, कोको, जे काही घरात येईल ते आणल्या दिवशी काचेच्या बरणीत जाणार, बरणीवर काळ्या शाईने नाव आणि तारीख पडणार, आणि रिकामं पाकीट केराच्या टोपलीत. मी एकदा मीठ पाकिटातूनच वापरलं, तर म्हणाल्या, "अगं, हे काय धर्मशाळेतल्यासारखं?"

त्यांचा टॉफीकेक गल्लीतच नाही, पलीकडच्या दोन गल्ल्यांत ठाऊक होता. खाली मऊ केक आणि वर शेंगदाण्यांचा चिवट, चकचकीत थर. त्या थरात कॉर्न सिरप असायचं, मक्याचा पाक. साखर त्यामुळे परत दाणेदार होत नाही, असं त्या मला दर वेळी नव्याने समजावून सांगत, आणि मीही दर वेळी नव्याने ऐके.

हे केक लाकडी सामानाच्या कारखान्यातही जात. माझे यजमान तिथे देखरेखीला आहेत. तिथले सर्वात जुने सुतार, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, केकचा तुकडा हातात घेत, कागदात गुंडाळत आणि खिशात टाकत. "घरी खातो, ताई." असं नऊ वर्षं चाललं. वन्संच्या ते मनाला लागलं होतं. त्या उघड काही बोलल्या नाहीत, पण भिंतीवरचं फडताळ मिस्त्रींऐवजी दुसऱ्याच सुताराकडून करून घेतलं. ते फडताळ आजही डावीकडे कललेलं आहे.

गेल्या महिन्यात हे जेवताना म्हणाले, "ताई, शुक्रवारी मिस्त्रींचा निरोप समारंभ. तुझा केक हवाय. पण ते स्वतः नाही खायचे."

"ठाऊक आहे मला. माझ्या हाताचं त्यांना चालत नाही."

"हाताचं कसलं घेऊन बसलीस? मका चालत नाही त्यांना. जरा पोटात गेला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. डॉक्टरांनी मका पार बंद केलाय."

वन्संचा घास हातातच राहिला. "मग नऊ वर्षांत तोंड उघडायला काय झालं होतं त्यांना?"

"तू कोणाला तोंड उघडू देतेस?" हे म्हणाले आणि पुढची पोळी मागितली.

त्या दिवशी वन्संनी ठरवलं, की शुक्रवारी ज्या ताटातून सगळे खातील त्याच ताटातून मिस्त्री खातील. त्यांच्यासाठी वेगळा डबा नाही. माणूस एकतीस वर्षं जिथे राबला, तिथून निघतानाही त्याने तुकडा खिशात घालून न्यावा, हे त्यांना पटेना. मी संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा हेच सांगितलं. मागितलं काही नाही, कारण वन्संनी हातात घेतलेल्या कामात देवालाही फारसा वाव नसतो.

मी सुचवलं, "मध घालूया का?"

"मिस्त्री मध खात नाहीत. मधमाश्यांचं घर मोडून आणलेलं त्यांना गिळवत नाही म्हणे. तुझ्या नवऱ्यालाच विचारून घेतलंय मी. झाडाचं काय ते बघू."

पहिल्यांदा खजुराचा पाक. खजूर भिजवून, वाटून, गाळून घरीच केला. केक छान फुगला, पण काळाकुट्ट, आणि वरचा थर नुसता खजूर लागत होता. वन्सं म्हणाल्या, "चांगला आहे. पण हा टॉफीकेक नाही, हा खजूरकेक. त्याचा मान वेगळा." सकाळच्या न्याहारीला मात्र तेव्हापासून आमच्याकडे खजुराचाच पाक असतो.

मग घायपाताच्या रसाचा पाक आणला. बाटली महाग, पाक पातळ आणि साखरेपेक्षाही गोड. नेहमीच्या आचेवर केकच्या कडा भराभर करपल्या. वन्संनी आच कमी केली, गोडी कमी केली, दूध दोन चमचे कमी केलं, आणि केक अगदी मऊसूत झाला. पण वरचा थर बसेना. सुरी घातली की सुरीबरोबर सगळंच वर यायचं. "हा केकच्या पोटात घालायचा, पाठीवर नाही," वन्सं म्हणाल्या आणि वहीत तसं लिहायला लावलं. माझ्या रोजच्या वहीत त्या आठवड्यात अभंगांपेक्षा पाकच जास्त आहेत.

तिसरा तांदळाचा पाक. दाट, मंद गोड, मधासारखा धार धरणारा. मक्याच्या पाकाइतकाच मोजून घातला, गोडीसाठी थोडी साखर वाढवली, साखर दाणेदार होऊ नये म्हणून लिंबाचे चार थेंब. वन्संनी उकळता थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला. त्याची मऊ गोळी झाली. बोटांत दाबली तर दबली, सोडली तर राहिली. वन्सं वाटीकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मका गेला उडत."

शुक्रवारी सकाळी दहालाच केक तयार झाला. समारंभ चारला होता. बेकिंग पावडरची बरणी त्यात संपली होती, म्हणून मी दुकानातून नेहमीचंच नवीन पाकीट आणलं. रिकामं झाल्यावर ते टोपलीत जाणार, म्हणून त्यावरची किंमत वहीत उतरवायला घेतलं, तर खाली बारीक अक्षरांत होतं: खायचा सोडा, आम्ल, मक्याचा स्टार्च.

मी ते दोनदा वाचलं. मग वन्संपुढे धरलं.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि बरण्यांच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांवर नावं होती, तारखा होत्या. आत काय मिसळलेलं आहे ते एकीवरही नव्हतं. ते सगळं टोपलीतून केव्हाच गेलं होतं.

"आपल्याच हातांनी फेकलं गं," त्या म्हणाल्या. "मुलांना सांगायचे, नाव वाचल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. मी नावापाशीच थांबले."

मला वाटलं, आता बसतील. पण नाही. "हा केक इस्त्रीवाल्याकडे दे, त्याच्या घरी सात माणसं आहेत. भांडी सगळी पुन्हा घास, चमचेसुद्धा. ओव्हन तापव. साधा सोडा आणि लिंबू घालू, पाच वर्षांपूर्वीपर्यंत तसाच करायचे मी. आणि दुकानात जाऊन सगळं नवीन आण. पाकीट एकही फोडायचं नाही, मी समोर वाचीन."

जाता जाता मी म्हटलं, "वन्सं, देवाचीच कृपा."

"कृपा आहेच. पण पाकिटं दोन वेळा वाचून घे."

साडेतीनला दुसरा केक ओव्हनमधून बाहेर आला. किंचित कमी फुगला होता, पण थर आरशासारखा. वन्संनी ताटाबरोबर एक कापडी पिशवीही घेतली. तिच्यात मैद्यापासून तांदळाच्या पाकापर्यंत सगळी फोडलेली पाकिटं होती.

कारखान्यात लाकडाच्या भुशाचा वास होता. रंधे, करवती भिंतीला लावून मधे टेबल मांडलं होतं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून संकोचून उभे होते. वन्संनी ताट ठेवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मिस्त्री, यात मका नाही. सकाळी एक केला होता, त्यात निघाला, तो दिला. तुम्हाला खात्री करायची असेल, ही पाकिटं."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि एकेक पाकीट वाचू लागले. लाकूड निवडावं तसं, दोन्ही बाजूंनी. कोणी घाई केली नाही. वन्सं हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेवटचं पाकीट खाली ठेवून ते म्हणाले, "नखाएवढा देता का आधी?"

नखाएवढा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला आणि स्टुलावर बसले. आम्ही पंधरा मिनिटं जुन्या गोष्टी काढून बसलो. कुणाचं लक्ष गोष्टींत नव्हतं. वन्सं त्यांच्या ओठांकडे बघत होत्या, दूध उतू जातंय का बघावं तशा.

मग मिस्त्री म्हणाले, "ताई, गोड जरा जास्त झालंय."

"बरं."

"आणि शेंगदाणे थोडे कमी भाजायला हवे होते."

"नऊ वर्षं बोलला नाहीत, आता थांबायचं नाव नाही," वन्सं म्हणाल्या.

मिस्त्रींनी ताट स्वतःकडे ओढलं, कोपऱ्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, आणि सगळ्यांच्या मधे उभं राहून खाल्ला.