एका निबंधात दोन हात

माझ्या लेकीचे, अंजनाचे, इंग्रजी निबंध सोपानराव लिहून देतात, हा संशय माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

अंजना शिरूरच्या कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. शनिवारी एसटीने दौंडला घरी येते आणि रविवारी सकाळी शेजारच्या सोपानरावांकडे जाऊन बसते. रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड मुक्कामाला उतरतात त्या रनिंग रूममध्ये ते स्वयंपाकी होते. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांना वाढता वाढता इंग्रजी बोलायला शिकले. भाजीवालीशी घासाघीस करतानाही मध्येच "नो, मॅन" म्हणतात.

परवा प्राध्यापकांनी अंजनाचा निबंध परत दिला. सुरुवात भारदस्त, पुस्तकी; पुढे मात्र ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशी भाषा. 'यू नो' काय, 'जॉली गुड' काय! हे दोघांनी लिहिलंय, असं ते म्हणाले. येत्या शुक्रवारपर्यंत खरं कळलं नाही, तर इंग्रजी स्पेशलला तिला घेणार नाहीत.

मी वाचला. मलाही दोन हात दिसले.

आज सोपानरावांना सरळ विचारलं. ते लसूण सोलत होते.

"वैनी, मला लिवाया कुठं येतंय? पगाराला अंगठा उठवायचो म्या."

"सांगायला तर येतं ना?"

"ती इंग्रजीत सांगती, म्या ऐकतो. न्हाई समजलं तर 'कम अगेन' म्हनतो. मला समजलं की मगच तिनं कागदाला हात लावायचा. तसा नेमच हाय आमचा."

"आणि 'जॉली गुड'?"

"ते व्हय? आमचा एक ड्रायव्हर सायब म्हनायचा, रस्सा झनझनीत झाला की." मग हात थांबवून म्हणाले, "का वो, चुकलं का काय?"

"कॉलेजच्या कागदावर असं लिहीत नाहीत."

"आन् मग कसं लिवत्यात? सायब तर इंग्रजच जनू, त्यो असंच बोलायचा."

माणूस इतका भोळा असतो?

जेवताना अंजनाला विचारलं. म्हणाली, "सुरुवात गाइडातून घेतली. पुढचं सगळं माझं."

"तुझं, की सोपानमामांचं?"

"तूपण सरांसारखंच बोल," म्हणाली आणि ताटावरून उठली.

दोघांचं सांगणं जुळतं. खरं असेल म्हणून जुळत असेल, किंवा ठरवलं असेल म्हणून. सरांनी तिला समोर बसवून लिहायला लावलं, तरच कळेल. तिथे पेन अडलं, तर इंग्रजी गेलंच. मी गप्प बसले, तरी जाणारच आहे.

उद्या ती एसटीत बसली की पोस्टात जाऊन कॉलेजला ट्रंक कॉल लावणार आहे. विषय तुम्हीच द्या, असं सरांना सांगेन. अंजनाला आधी कळवणार नाही. सोपानरावांना तर नाहीच.