समुद्रातला बैल

हसा, पण चहा घशाखाली उतरल्यावर हसा, नाहीतर ठसका लागेल. कारण मी आख्खा नगर जिल्हा समुद्रात बुडवला, त्याची ही गोष्ट आहे. आणि तोही कधी? बाहत्तरच्या दुष्काळात!

तेव्हा मी प्रवरेकाठच्या एका गावात चित्रकला शिकवत होतो. गावात आमचं जीवाश्म मंडळ होतं. जीवाश्म म्हणजे हजारो वर्षांत दगड होऊन बसलेली हाडं. सभासद चार. अध्यक्ष, निवृत्त भूगोलशिक्षक कुलकर्णी सर. दर रविवारी हातोड्या घेऊन आम्ही नदीत उतरायचो आणि गाव आम्हाला 'हाडकं मंडळ' म्हणायचं. नदी आटून तळ उघडा पडलेला, म्हणजे आमची चंगळच! पण तीन वर्षांत जे जे सापडलं, ते जन्मापासूनच दगड होतं.

मंडळाची मालमत्ता म्हणजे शाळेनं दिलेलं एक कपाट. एक दिवस हेडमास्तर म्हणाले, "सर, गुरुवारी पुण्याहून प्राध्यापक येतायत. त्यांनी यातली एक तरी वस्तू खरी म्हटली तर कपाट तुमचं. नाहीतर रिकामं करा, मला नकाशे ठेवायला जागा नाही."

सरांचा चेहरा पार उतरला. त्या कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधून हिंडायचे, आता बोला!

सरांचं कपाट वाचवायचंच, म्हणून मी रविवारी भल्या सकाळी एकटाच निघालो. नदीकाठी शेती करणाऱ्या किसनबाबांच्या बांधाखाली दरड कोसळली होती. तिच्यात काय दिसावं? शिंग! उकरत गेलो तर शिंगांसकट आख्खं डोकं!

आता आमची पारखायची रीत ऐका. हाड दगड होत आलं की जिभेला चिकटतं. म्हणून आम्ही सापडेल ते चाटायचो. तोंडं वाकडी करू नका, मोठेमोठे शास्त्रज्ञ चाटतात! मी चाटलं. खारट! पुन्हा चाटलं. खारटच! भोवतालची माती चाटली, तीही खारट! मग एकच अर्थ. इथे एके काळी समुद्र होता!

डोकं पोत्यात घातलं आणि पाय धुवायला किसनबाबांच्या वस्तीवर गेलो. बाबा बाजाराला गेलेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्या टंचाईतसुद्धा लोटाभर पाणी पुढे केलं. ते पाणी मी अजून विसरलो नाही. न्हाणीपाशी टाचा घासायची वज्री पडली होती, चांगली जड, आडव्या रेघारेघांची. मी मनसोक्त टाचा घासल्या. भेगांतला मळ सगळा साफ!

"काकू, वज्री झकास आहे हो!"

"सासूबाईंची हाय. पोत्यात काय हाय, मास्तर?"

"दगड."

"न्या की, लई हायेत आमच्यात."

खरं सांगायला काय झालं होतं? पण सापडलेली वस्तू बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही, असा मंडळाचा नियम होता. तो केला कुणी? मीच!

तिथून तडक सरांकडे जाऊन डोकं दाखवलं, समुद्राचं सांगितलं. सर आधी बिचकले. "अहो, पण सगळी पुस्तकं सांगतात की इथे लाव्हारस होता."

"पुस्तकं राहू द्या सर, तुम्ही चाटा!"

सरांनी चाटलं. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस एका चाटण्यात शरण आला.

गुरुवारी शाळेत ही गर्दी! मी वळणदार अक्षरात पाटी लिहिली होती, 'समुद्रवृषभ'. मागच्या फळ्यावर निळा समुद्र आणि त्यात पोहणारा बैल. प्राध्यापकांपुढे मी लाटांवर लाटा उसळवत होतो, तेवढ्यात गर्दीतून किसनबाबा पुढे आले. त्यांनी फेटा काढला आणि हात जोडले.

"सर्जा!"

"कोण सर्जा?"

"माझा बैल, मास्तर. हे डावं शिंग मीच तासलं हुतं. तीन वर्सं झाली, बांधाला पुरला हुता."

प्राध्यापकांनी हळूच विचारलं, "पुरताना मीठ घातलं होतं का?"

"तर वं! पोतंभर! पोरावानी हुता, तसाच पुरीन व्हय?"

समुद्र आटला! हशा असा उसळला की विचारू नका. हेडमास्तरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. सर जानवं चाचपू लागले. मी बाबांचे पाय धरले.

"बाबा, चुकलो."

"का वं? माझ्या बैलाला तुमी टेबलावर मांडलं, पाटीवर नाव लिवलं. एवढा मान त्याला कोन देतंय?"

दुसऱ्या कुणी मला चाबकानं फोडला असता. या माणसानं उलट माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "पर तुमी हुडकता तरी काय?"

प्राध्यापक म्हणाले, "पूर्वी या नदीकाठी हत्ती हिंडायचे. त्यांची दाढ वगैरे. मास्तर, काढा बरं फळ्यावर." ते सांगत गेले, मी काढत गेलो. सपाट तोंड, त्यावर आडव्या रेघा, आणखी रेघा... आणि माझा खडू थांबला.

"आरं, ही तर आमची वज्री!" बाबा ओरडले. "आईला नदीत घावली हुती!"

सायकल दामटत ते वस्तीवर गेले आणि घामाघूम होऊन परत आले. प्राध्यापकांनी वज्री हातात घेतली, फिरवून पाहिली. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी तिला जीभ लावलीसुद्धा!

"अस्सल! हत्तीची दाढ! हजारो वर्षांची!"

सरांनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि लहान पोरासारखे रडले. बाबा म्हणाले, "ही ऱ्हाऊ द्या कपाटात. सर्जाला मी माघारी नेतो." त्या संध्याकाळी सर्जाला पुन्हा पुरला, तेव्हा मिठाचं पोतं माझ्या खांद्यावर होतं. त्या नवरा-बायकोचे उपकार मला या जन्मात फिटायचे नाहीत.

पण शाळेतलं एक सांगायचं राहिलंच. प्राध्यापकांनी दाढ खाली ठेवली, ओठांवरून जीभ फिरवली आणि ते विचारात पडले.

"कमाल आहे, हीसुद्धा जराशी खारट लागते. कशानं बरं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता समुद्राचं नाव घ्यायची सोय उरली नव्हती, म्हणून मी हळूच लेंगा खाली ओढला आणि टाचा झाकल्या.