सव्वादोनचं माप

जळकोटच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. पुतणीच्या लग्नासाठी नवा चुडा भरायला मी त्यांच्यापुढं बसले होते. माझं माप नेहमीचं सव्वादोन, पण बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली.

"अडीचच्या द्या. वय झालं आता," मी म्हणाले.

त्यांनी बांगडी खाली ठेवली आणि माझं एकेक बोट दाबून पाहिलं. "सकाळी मूठ वळती का?"

"तासभर तरी वळत नाही. दोन्ही हात आखडतात. तेल चोळते."

"मोठं माप म्या न्हाय देणार!" त्या तडकल्या. "वय म्हणं! पस्तिशीत मलाबी हेच सांगितलं. तेल चोळत बसले, आन् हे बघा." त्यांची सगळी बोटं करंगळीकडं कलली होती. "आता गोळ्या हायेत, रोज गरम पाण्यात हात हलविते, म्हणून धंदा चालतोय. पर वाकलेलं सरळ होत न्हाय. आधी रगत तपासून या."

मला लई राग आला. लग्नात जुन्याच बांगड्यांवर मिरवले. मग त्यांना खोटं पाडायचं म्हणून धाराशिवला जाऊन रक्त तपासलं, तर संधिवातच निघाला.

सहा महिने औषध घेऊन परत गेले आणि त्यांच्यापुढं मूठ घट्ट वळून धरली. त्या हसल्या नाहीत. वाकड्या बोटांनी माझा हात दाबत त्यांनी सव्वादोनच्या डझनभर बांगड्या भरल्या, एकही न फोडता.

माझ्यामागची बाई अडीचच्या मागत होती.

"आधी मूठ वळून दाखवा," त्या म्हणाल्या.