पाण्याच्या क्रमानं

कुसुमताई गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने केला. "काका, आई सकाळी गेली," एवढंच म्हणाली आणि मग दोन्हीकडे कुणीच बोलेना... मी जन्मभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, तारेवरची शांतता मला नवी नाही. पण ही ऐकवेना आणि फोन खाली ठेवायचंही सुचेना. त्याला आता काही आठवडे झाले. ताईंबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात घोळतंय, पण लेखणी धरायची सवय नाही. आमचं सगळं काम बोलण्याचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा ताई आमच्या एक्स्चेंजला ज्युनिअर इंजिनीअर म्हणून आल्या. एक्स्चेंज म्हणजे मुळशी खोऱ्यातल्या एका बाजारगावात भाड्याच्या दोन खोल्या, एक बोर्ड आणि मी. ताई घोटावड्याच्या बौद्धवस्तीतल्या. पुण्यात वसतिगृहात राहून डिप्लोमा केलेला. त्यांची आई मात्र अजून दुसऱ्यांच्या शेतात आवणीला, म्हणजे भातलावणीला जायची. लेक साहेबीण झाली तरी भाताच्या खाचरात हात घातल्याशिवाय तिला पावसाळा आल्यासारखा वाटत नसे. आल्या दिवशीच ताई साडीचा पदर खोचून खांबावर चढल्या. मी म्हटलं, "मॅडम, त्याला लाईनमन आहे की." वरूनच उत्तर आलं, "शेखभाऊ, वर जाऊन पाहिल्याशिवाय लाईनमनचं खरं मानायचं नाही आणि कानाने ऐकल्याशिवाय ऑपरेटरचं." ऑपरेटर म्हणजे मीच. पण राग काही आला नाही. त्या दिवसापासून माझी त्यांच्याशी जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत.

नदीकाठच्या पाच गावांना मिळून आमची एकच तार होती. एका गावाची घंटी वाजवली की पाचही ठिकाणी वाजायची, म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली. कुणाची दोन तोकड्या घंट्यांची, कुणाची एक लांब आणि एक तोकडी. ज्याची खूण त्याने फोन उचलायचा. (बाकीचे उचलून ऐकायचे ते वेगळं! सोयरिकी अर्ध्या आमच्याच तारेवर मोडल्या.) याशिवाय एक सामाईक घंटी होती, चांगली लांबलचक. ती वाजली की सगळ्यांनी उचलायचं, कारण ती धरणातून पाणी सोडण्याची वर्दी असायची. काठावर खाचरं, गुरं, धुणं धुणाऱ्या बाया... वर्दी पोचली नाही तर काय होईल हे सांगायला नको.

आणि नेमकी तीच पोचेना. सामाईक घंटी दिली की सगळ्या तारेवर नुसता घंट्यांचा कल्लोळ उठायचा, आमच्या बोर्डावर, कुणी बोलावतंय हे दाखवणाऱ्या झडपा पडत राहायच्या आणि बोललेला शब्द कुणाच्या कानी जात नसे. एकदा त्या गोंधळात एका गाडीवानाची बैलजोडी वाहून गेली, तो स्वतः कसाबसा काठाला लागला. वरच्या साहेबांनी निकाल दिला, सामाईक घंटी बंद करा, एकेका गावाला वेगळं कळवा. ताई म्हणाल्या, "शेवटच्या गावाला कळेपर्यंत पाणी आमच्याआधी पोचेल. मला थोडी मुदत द्या." मुदत मिळाली, पण पुढं काही चुकलं तर जबाबदारी ताईंची, हेही बजावून झालं.

त्यांनी सगळी तार पायी पाहिली. खांबांवरचे चिनी मातीचे चिमणे, म्हणजे इन्सुलेटर पुसले, फांद्या तोडायला लावल्या. तार निर्दोष होती. मग म्हणाल्या, "तुम्ही इथून घंटी द्या. मी गावात बसून नुसती ऐकते." घोटावड्याचा फोन सरपंच दौलतरावांच्या माजघरात होता. वस्तीतली पोर उंबऱ्याशी आल्यावर घरातले एकमेकांकडे बघायला लागले. ताई म्हणाल्या, "फोन खात्याचा हाय. जितं फोन तितं मी." आणि आत जाऊन बसल्या. मला हे दौलतरावांनीच पुढं हसत सांगितलं. तेव्हा मात्र ते हसले नव्हते.

ताईंना तिथं जे सापडलं ते आमच्या लोकांनाच जमावं. सामाईक घंटी आली की दौलतराव फोन उचलायच्या आधी आपल्या फोनचा घंटी वाजवायचा दांडा जोरात फिरवत, 'पोचलं बरं का' म्हणून. वर्दी आली आणि आपण गप्प बसलो हे रीतीला धरून नाही. शिवाय पोच पहिली आपली जायला हवी, गावाचा मान! पाचही गावं हेच करत. आणि पाच जणांनी एकदम दांडे फिरवले की त्या तोकड्या घंट्या एकमेकींत मिसळून एक लांबलचक घंटी व्हायची. म्हणजे पुन्हा सामाईक वर्दी! पुन्हा सगळे पोच द्यायला सरसावायचे. माझी मुलगी हिंजवडीत राउटरचं काम करते. ताई होत्या तेव्हाच एकदा तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अब्बा, याला आम्ही मल्टिकास्ट म्हणतो. एकाने बोलायचं, ठरलेल्या सगळ्यांनी ऐकायचं. त्याचे नियम आणि नेहमीचे नियम एकमेकांत अडकले की आमच्याकडेही अस्साच गोंधळ होतो." कुसुमताईंची मला तेव्हा इतकी आठवण आली की मी लगेच त्यांना फोन लावला.

ताईंनी नियम घातला. सामाईक घंटीनंतर दांड्याला हात लावायचा नाही. ऐकायचं, फोन ठेवायचा. मग एक्स्चेंज एकेकाला त्याच्या खुणेने विचारील, तेव्हाच बोलायचं. दौलतराव उखडले. "पयला मान घोटावड्याचा. जत्रंत बी आमचाच अस्तोय." ताई शांतपणे म्हणाल्या, "पालखीला मान अस्तोय, पाण्याला उतार. वरच्या गावापासनं इचारनार."

मग आवणीच्या दिवसांत एका दुपारी धरणावरून निरोप आला. मी सामाईक घंटी दिली, वर्दी सांगितली. एकही झडप पडली नाही. ताई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांची आई त्या दिवशी दौलतरावांच्याच नदीकाठच्या खाचरात होती, हे मला ठाऊक होतं. पहिल्या गावाने पोच दिली. दुसरं बोलेना. मी पुन्हा घंटी दिली... नाही. माझा हात आपसूक घोटावड्याची खूण वाजवायला गेला. ताईंनी तो धरला. "क्रमानं, शेखभाऊ. तिथंही कुणाची तरी आई असेल."

दुसरं गाव बोललं. मग तिसरं. चौथं घोटावडं. तारेवर दौलतरावांचा आवाज आला, "समदी मान्सं वर आली. कुसुम, तुजी आय हितं आमच्या वट्यावर बसलीया. बोलतीस का?"

"न्हाई. लाईन मोकळी ठिवा. म्हाळुंगं ऱ्हायलंय," ताई म्हणाल्या. पाचव्या गावाची पोच आली तेव्हा त्या मागच्या खोलीत गेल्या आणि पदर तोंडाशी धरून खूप रडल्या. एवढं धारिष्ट मला झालं नसतं. त्यांच्याइतकं मोठं माणूस माझ्या आयुष्यात दुसरं आलं नाही.

परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाचही गावांची माणसं आली होती. बुद्धवंदना झाली, ताईंबद्दल बोलायची वेळ आली. पहिलं कोण बोलणार म्हणून कुजबुज सुरू झाली, तशी लेकीने दौलतरावांच्या मुलाला विनंती केली. ते गृहस्थ आता स्वतःच आजोबा झालेत, मानाने सगळ्यांत थोर. ते उठले आणि म्हणाले, "न्हाई बाई. वरच्या गावापासनं सुरू करा."

मग एकेक गाव बोलत गेलं. घोटावड्याचा नंबर येईपर्यंत ते हात जोडून उभेच होते.