अक्काला न दाखवलेलं बेट

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझं बहुतेक सगळं न सांगताच कळतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही अक्काला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन धारवाडला परत आली आणि पुढं माझ्याच संसारात राहिली. मला ती तम्मा म्हणायची, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. मी शाळामास्तर. दुपारी माझा नकाशा उघडून ती कारवारसमोरच्या बेटाच्या ठिपक्यावर बोट ठेवायची. "सगळीकडनं पाणी, तर तिथं झोप कशी लागते रे? बेट हलत असेल की!" समुद्र तिनं पाहिलाच नव्हता. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं असेल तर एवढंच — त्या बेटावर एकदा जायचं.

एका नाताळच्या सुट्टीत आम्ही काही मास्तर कारवारला निघालो. अक्कानं दशम्या बांधून दिल्या. "मला उतरता येण्यासारखं असलं तर उन्हाळ्यात मला ने. नीट बघून ये हं, तम्मा." म्हणजे मी बघायला चाललो होतो तो तिच्यासाठी. हे विसरू नका.

बेटावर जायला होडीशिवाय वाट नाही. होडी वाळूला टेकली, तेव्हा पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. माझ्या आधी एक म्हातारी तांडेलाचा हात धरून आरामात उतरली. पुढं सगळी पांढरी वाळू, मागं माड, आणि माणूस म्हणून कुणी नाही. बाकीचे मास्तर सावलीला बसले. मी मात्र कोट, टोपी, वहाणा काढून टाकल्या आणि एका खेकड्याच्या मागं धावत सुटलो! तो बिळात शिरला, तर मी पालथा पडून बिळाला कान लावला. आत काय चाललं असेल? मग तसाच डोळे मिटून पडून राहिलो, बेट हलतं का ते बघायला. हलतं बरं का. होडीतून नुकतं उतरलेल्या माणसाला थोडं हलतं.

घरी आलो. अक्का दारातच उभी. "काय काय बघितलास? सांग की!"

"काही नाही गं," मी म्हणालो. "नुसते खडक. मासळीचा वास. उतरायलासुद्धा जागा नाही."

का म्हणालो? तिच्या विधवेच्या लाल आलवणाची लाज वाटली, असं सांगितलं तर तुम्हाला पटेल — पण ते खरं नाही. पैशांची अडचणही नव्हती. मला ते बेट एकट्याला हवं होतं. घरातलं कुणी जिथं आलं नाही अशी एक जागा. इतकं क्षुद्र माझ्यात कुठं दडून बसलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं धोतर भिजवलं, तर बादलीच्या तळाशी वाळू उरली. तिनं ती ओल्या तळहातावर घेतली. "किती मऊ रे," एवढंच म्हणाली. मी पेपर वाचत होतो — म्हणजे पेपर तोंडासमोर धरला होता.

इथवर कदाचित तुम्ही मला माफ कराल. करू नका, थांबा.

काही वर्षांनी आमच्या शेजारीणबाई त्याच बेटावर जाऊन आल्या. अक्कासाठी शिंपले आणले आणि वाळूचं, माडांचं वर्णन करत बसल्या. अक्का हसली. "तुम्हाला दुसरीकडं नेलेत बघा. आमचा तम्मा स्वतः बघून आलाय, तिथं नुसते खडक हाईत."

"मग पुढच्या खेपेला तुम्हीच चला आमच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिला नुसती माझी मान हललेली हवी होती, एवढंच. मी म्हणालो, "अक्काला ते जमायचं नाही."

"बरं," म्हणाली. शिंपले पदरात घेतले आणि तांदूळ निवडायला आत गेली. नकाशा तिनं परत कधी मागितला नाही.

अक्का त्यानंतरही पुष्कळ वर्षं होती. बेट हलतं का, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला माहीत होतं.